मैनेच्या लाथेची मुदत

सोनारी, तालुके परंडा
२० जानेवारी १९४६

श्रीयुत ईरण्णा महालिंगप्पा, आडत दुकानदार, मुरूम, यांना सोनारीच्या बब्रुवानचा बिचकत बिचकत नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून आपण पत्र चुलीत घातलं नसेल, अशी आशा आहे. घातलंच असेल तर पुढचं लिहिणं फुकट गेलं. तरी बार्शीच्या शाळेत वळणदार अक्षराचं पहिलं बक्षीस मला होतं, तेव्हा आपली चूल चांगल्या अक्षरावर पेटली असं समजून समाधान मानतो.

पंचवीस वर्षांनी लिहितो आहे. तारीख इंग्रजी टाकली, कारण मुदत इंग्रजी आहे. बार्शीच्या बाजारात सरकारी नोटीस वाचली. पहिल्या महायुद्धात जे शिपाई अपंग होऊन परतले आणि ज्यांनी सात वर्षांच्या मुदतीत पेन्शनीचा अर्ज केला नाही, त्यांना आता शेवटची संधी आहे. सोलापूरच्या फौजी कचेरीत ३१ मार्चपर्यंत अर्ज पोचला पाहिजे, आणि सोबत डोळ्यांनी पाहिलेल्या सोबत्याची साक्ष. त्यानंतर आलेला कागद उघडायचासुद्धा नाही, असा हुकूम आहे.

अर्ज मी त्याच दिवशी टाकला. त्यात लिहिलं, ‘बसऱ्याजवळ उजव्या पायाला गोळी लागून कायमचा लंगडा.’ साक्षीदार म्हणून आपलं नाव दिलं. विचारायला हवं होतं. पण आपल्या खेचर पलटणीतले बाकीचे एक तर वारले, नाही तर सापडत नाहीत. जिवंतही आहे आणि पत्ताही बदललेला नाही, असा माणूस आपण एकटेच.

त्या दिवशी जे घडलं त्याला मी गोळी म्हणतो. आपण १९२१ साली भैरवनाथाच्या यात्रेत, शंभर माणसांत, त्याला दुसरं काही तरी म्हणाला होता. तो विनोद होता, असं मी धरून चालतो. मीही आपल्याला ‘चालता हो’ म्हणालो, तोही विनोदच धरावा.

पेन्शन मला माझ्यासाठी नको. मला काय लागतं? सकाळचं ऊन, पारावरची जागा आणि चौथीच्या पुस्तकातल्या कविता, त्या तर पाठच आहेत. पण माझ्या पायानं शेतात उभं राहवत नाही म्हणून वीस वर्षं आमच्या द्वारकाबाई गावाचं दळण दळताहेत. यात्रेत तर पहाटेपासून जातं थांबत नाही. आता मनगटं सुजून भोपळ्यासारखी झाली आहेत. बार्शीचे डॉक्टर म्हणाले, जातं बंद करा. ती म्हणाली, “डागतर, जातं बंद केलं तर ह्यो कविता खाऊन जगंल, मी काय खाऊ?”

एवढंच मागणं आहे. गावच्या चावडीत पटवाऱ्यासमोर ११ मार्चला साक्ष ठेवली आहे. गोळी आपण पाहिली, एवढं म्हणावं.

बब्रुवान


सोनारी
२२ फेब्रुवारी १९४६

ईरण्णा यांना,

तुमचं कार्ड पोचलं. त्यावर एकच शब्द, ‘येतो.’ पंचवीस वर्षांचा राग एका शब्दात बसवलात. आमच्या पंतोजींनी तुम्हाला पैकीच्या पैकी गुण दिले असते. ते कार्ड मी कवितेच्या वहीत ठेवलं आहे.

पण घोटाळा झाला आहे. घाईनं वाचा आणि नीट लक्षात ठेवा. गोळी म्हणू नका!

कचेरीचं उत्तर आलं. त्यांच्याकडे इस्पितळाचं जुनं दप्तर आहे, त्यात माझ्या नावापुढं लिहिलंय, ‘कामावर असताना खेचराची लाथ. उजवी नडगी.’ साहेब लिहितात, तुमच्या अर्जात गोळी आहे, आमच्या दप्तरात खेचर आहे. दोहोंपैकी खरं असेल त्याची साक्ष चावडीत घेऊन पाठवा. साक्ष दप्तराशी जुळली तर अर्ज चालेल, नाही तर निकाली.

म्हणजे जे सांगितलं म्हणून मी तुम्हाला घरातून घालवलं, तेच आता तुम्ही सांगायचं आहे. यात हसण्यासारखं काही नाही. (हसलात ना?)

आता लपवून काय करू? बसऱ्यात तंबूमागं मी मैनेला खरारा करत होतो. केवढी देखणी होती ती, आठवतं? कपाळावर पांढरा ठिपका, आणि डोळे असे की सगळं कळतंय पण बोलायचं नाही. तिच्यावर मी भुजंगप्रयातात दोन ओळी रचल्या होत्या, त्या तिला म्हणून दाखवत होतो:

तुझी पाठ आम्हा वहाते शिदोरी,
नको लाथ मारू मला पाठमोरी.

दुसरी ओळ संपली आणि त्याच मात्रेवर लाथ बसली. तुम्ही तिच्या पलीकडं खोगिरावर आडवे झाला होता. सगळं तुमच्या देखत झालं.

आता गावी येऊन हे कसं सांगायचं? लोक वेशीपर्यंत हार घेऊन आले होते. कुणी तरी विचारलं, “गोळी लागली व्हय?” मी नुसती मान हलवली. ती मान अजून हलतेच आहे. तेव्हापासून यात्रेत छबिन्यापुढं चालायचा मान माझा. मी लंगडत चालतो, म्हणून मागचा अख्खा छबिना लंगडत चालतो.

कचेरीचं उत्तर मी द्वारकाबाईंना वाचून दाखवलं नाही. पण तिनं माझं तोंड वाचलं. म्हणाली, “खेचराचं लिवलंय नव्हं?” मी गार! म्हटलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणते, “तेल कोण लावतंय त्या पायाला? गोळीला कवा नालाचा आकार असतो व्हय?”

अठ्ठावीस वर्षं तेल लावते आहे, एका शब्दानं बोलली नाही.

तर, खेचर. चावडीत खेचर. विसरू नका.

बब्रुवान


सोनारी
१३ मार्च १९४६

ईरण्णा,

तू (आता तुम्ही म्हणायला तोंड उरलं नाही) परवा चावडीतून चहासुद्धा न घेता निघून गेलास. पुढं काय झालं ते तुला ठाऊक नाही, आणि जे झालं ते तुला चुकीचं ठाऊक आहे. म्हणून लिहितो.

तू महिनाभर अक्कलकोटला लेकीकडं होतास आणि तिथूनच परस्पर आलास, हे मला तुझ्या गाडीवानाकडून नंतर कळलं. माझं दुसरं पत्र मुरूमला तुझ्या दुकानात पडून राहिलं. मी मात्र तुला चावडीच्या पायरीवर पाहिलं, डोक्याचा रुमाल पांढराशुभ्र, मिशी तीच, नुसती पिकलेली, आणि मला वाटलं, हा खेचर सांगायला आलाय. मी तुला खूण केली, तूही मान हलवलीस. किती समजूतदार दिसलास तू!

आणि मग आण्णासाहेब पटवाऱ्यांनी विचारलं, “बोला, काय पाहिलंत?” आणि तू सुरू झालास.

ईऱ्या, अरे, मी अठ्ठावीस वर्षं एक गोळी सांगत आलो. तू तीन लावल्यास! “येकच गोळी? अहो पटवारीसाहेब, गोळ्यांची झड लागली होती! ह्यो गडी माझ्या म्होरं आडवा झाला. म्हणाला, ईरण्णा, तू जा, तुझ्या शांताक्काला कुकू हाय. मी लंगडा झालो तरी चालंल.” मी कधी म्हणालो असं? तुझी बायको तेव्हा चौदा वर्षांची, तिचं नावही मला माहीत नव्हतं. म्हाताऱ्या रडायला लागल्या. पाटलांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. मला स्वतःला भरून आलं. क्षणभर वाटलं, असू दे. एवढी सुंदर गोळी कुणाला लागते?

तेवढ्यात दारात द्वारकाबाई दिसली. दळण अर्धं टाकून आलेली. कोपरापर्यंत पीठ, आणि एका हातानं दुसरं मनगट दाबून धरलेलं.

मी उठलो आणि ओरडलो, “खोटं हाय! गोळी न्हाय, काही न्हाय! खेचरानं लाथ मारली!”

आण्णासाहेबांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, “तीस वर्षं पटवारकी केली. साक्षीदार फितलेला पाहिला. दावेदारच सोताविरुद्ध फितलेला पहिल्यांदा पाहतोय.”

आणि तू उभा राहिलास. “तवा खरं बोललो तर घरातून हाकललंस. आता तुझ्यापायी, अप्पा शपथ, जन्मात पहिल्यांदा खोटं बोललो, तर भर गावात मला लबाड केलंस! तुला साक्षीदार कशाला रं पायजे? तू येकटाच दोन्ही अंगानं भांडतोस की!” आणि ‘सुळ्ळु, सुळ्ळु’ असं कानडीत पुटपुटत गेलास. खोटारडा म्हणत होतास. मला की स्वतःला, ते कळलं नाही.

पुढचं ऐक. इथली रीत तुला ठाऊक आहे. चावडीतला जबाब तालुक्याला जाण्याआधी गावापुढं मोठ्यानं वाचायचा, म्हणजे कुणाला हरकत असेल तर कळावं. माझं ओरडणं गावानं वीराचा विनय समजून सोडून दिलं होतं; आता माझी सगळी भिस्त एका गोष्टीवर होती. निजामाचं दप्तर उर्दूत. गावाला उर्दू कुठं कळतंय? आण्णासाहेब वाचू लागले, मुसम्मी फलाना, वल्द फलाना, बमुकाम बसरा, आणि लोक जांभया देऊ लागले. मी देवाचे आभार मानणार, तोच आलं, “खच्चर ने लात मारी.”

ईऱ्या, एवढं उर्दू आमच्या गावातल्या शेळीलाही कळतं.

मग जे हसले! मघाचे रडणारेच पुढं. मागून एक जण ओरडला, “फौजी, औंदा छबिन्यापुढं खेचरच चालवा की!” मी खाली मान घालून निघालो. द्वारकाबाई माझ्या शेजारून चालत होती. दारात म्हणाली, “आज पयल्यांदा नवऱ्यासारखं बोललात,” आणि जात्यावर बसली.

माझा जबाब झाला, तो तालुक्याहून सोलापूरला जाईल. पण तुझ्या नावावर तीन गोळ्या नोंदल्या गेल्या, आणि असा कागद पाठवून उपयोग नाही, असं आण्णासाहेब म्हणतात. तू मुरूमच्या पाटलापुढं नव्यानं खरी साक्ष लिहून शिक्का घेऊन दिलीस, तर तोच कागद चालेल. मुदतीला अठरा दिवस उरलेत.

हात जोडतो.

तुझा बब्रुवान


मुरूम, तुझ्या दुकानासमोरचा पार
३० मार्च १९४६, सकाळ

ईऱ्या,

उत्तर आलं नाही म्हणून मीच आलो. बैलगाडी, छोटी रेल्वे, मोठी रेल्वे, मग मोटार. काल दुकानात पाऊल टाकलं तर तू तुरीच्या ढिगाकडं तोंड करून बसलास. तूर इतकी बघण्यासारखी नसते. रात्री मठात जागा मिळाली.

तू बोलत नाहीस म्हणून ही चिठ्ठी शांताक्काच्या हाती देतो. रस्ता ओलांडला की पोचते. एवढ्या लवकर जाणारं टपाल निजामाच्या राज्यात दुसरं नसेल.

उद्या एकतीस. सोलापूरची मोटार दोनला सुटते.

बब्रुवान


तिथंच, अकरा वाजता

तुझं तोंडी उत्तर पोचलं. शांताक्का म्हणाली, “अण्णा, ते म्हणतात, माझ्याजवळ तीन गोळ्या हायत्या, खेचर न्हाय. तुमी उनात बसू नगा, आत या. ते नुसतं गुरगुरतात, चावत न्हाईत.”

आत येणार नाही. तू बोलावल्याशिवाय नाही. तुला मी घरातून घालवलं, तेव्हा तू उन्हातून बार्शीपर्यंत चालत गेलास, हे मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. तेव्हाच पत्र लिहायला हवं होतं. लिहायला बसलोही होतो. पण ‘तू खरं बोललास’ हे वाक्य कुठल्याच वृत्तात बसेना.

आता गद्यात लिहितो. तू खरं बोललास. मी खोटा होतो.

बब्रुवान


तिथंच, दीड वाजता

लाखेनं बंद केलेलं पाकीट मिळालं. वर तुझ्या हातचं, ‘साहेबानेच फोडावे.’ पाटलाचा शिक्का आहे. सोबत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. भाकरी तू द्यायला सांगितलीस की शांताक्कानं आपणहून दिली, हे विचारत नाही.

आत काय लिहिलंयस? परत गोळ्या तर नाहीत ना? शांताक्काला विचारलं, तर म्हणते, “मला वाचता येत न्हाय. पर लिवताना घाम फुटला होता त्यास्नी.”

मोटारीचा भोंगा वाजतोय. उद्या सकाळी कचेरीचं दार उघडायला मी हजर.

बब्रुवान


सोनारी
४ एप्रिल १९४६

ईऱ्या, गाढवा,

(आज खेचर म्हणवत नाही.)

क्रमानं सांगतो. एकतीस तारखेला सकाळी आठला मी कचेरीच्या फाटकात. कुलूप. पहारेकरी तंबाखू मळत होता. म्हणाला, “आज इतवार.”

“मग?”

“इतवारी बंद.”

“असं कसं? कचेऱ्या शुक्रवारी बंद असतात!”

“कुठं?”

“आमच्याकडं. निजामाकडं.”

“मग जावा निजामाकडं.”

अरे, पंचावन्नावर चार वर्षं झाली मला, फौजेत राहून आलो, समुद्र ओलांडला. पण मुदत मोजताना सुट्टी मोजली ती आपल्याच राज्याची. शुक्रवार टाळला म्हणून मी खूश होतो! जुमा चुकवला आणि इतवारात सापडलो.

मी पायरीवर बसलो. पहारेकऱ्यानं दोनदा उठवलं, तिसऱ्यांदा तंबाखू दिली. मांडीवर तुझं पाकीट. फोडावं असं वाटलं, शंभरदा वाटलं. आता मुदत तर गेलीच, निदान ईऱ्यानं काय लिहिलं ते तरी कळू दे. पण नाही फोडलं. घरी जाऊन काय सांगायचं ते जुळवत बसलो. कोणतीच कविता आठवेना, ईऱ्या. एकही नाही. फक्त जात्याची घरघर कानात. मूळची सात वर्षांची मुदत मला माहीत होती बघ. नोटीस तेव्हाही वाचली होती. पण अर्जात खेचर लिहावं लागेल म्हणून घडी करून टाकून दिली. माझ्या एका गोळीपायी ती वीस वर्षं दळत बसली. हे मी त्या पायरीवर पहिल्यांदा सरळ मनात आणलं.

सोमवारी दार उघडलं तसा आत गेलो. म्हटलं, साहेब, मुदत काल संपली, फक्त कागद बघा आणि परत द्या. टेबलामागचा कारकून तरुण होता, चष्म्यातून बघत म्हणाला, “शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर दुसरा दिवस धरतात, आजोबा. बसा.” मी बसलो नाही, कोसळलो.

“इतकी वर्षं काय करत होता?”

“गोळी सांगत होतो, साहेब.”

त्यानं पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. तुझी भाषा इतकी सरकारी होईल असं वाटलं नव्हतं. ‘मी प्रत्यक्ष पाहिले. बब्रुवान कामावर असता सरकारी खेचराने लाथ मारली. तसेच कळवितो की, बब्रुवान दोन तास कविता म्हणत होता व मला झोप येत होती. सबब खेचर हलावे व कविता थांबावी म्हणून मी तंबूच्या खुंटीने खेचरास मागून टोचले. लाथ माझ्यामुळे बसली. हे मी आजवर कोणास सांगितले नाही. यात्रेत हसत हसत सांगावे म्हणून गेलो होतो, पण निम्मेच सांगून झाले, तोवर बब्रुवानाने हाकलले.’

कारकून चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिला. मला राग यायला हवा होता, नाही का? माझा पाय, तिची मनगटं, छबिना, सगळं तुझ्या एका खुंटीवर. पण माझ्या तोंडून निघालं ते असं:

“साहेब, साक्षीदार खोटं बोलतोय.”

“चावडीच्या जबाबातही तुम्ही हेच म्हणालाय.”

“तेव्हाही खोटंच बोलला होता.”

“मग हा माणूस खरं कधी बोलतो?”

“एकोणीसशे एकवीस साली बोलला होता, साहेब. निम्मं.”

तो इतका हसला की शेजारच्या खोलीतले दोघे बघायला आले. मग डोळे पुसून म्हणाला, “लाथ कामावर असताना बसली?” हो. “खेचर सरकारी?” हो. “बास. कुणी टोचलं, का टोचलं, त्याला रकाना नाही.” आणि शिक्का मारला: मुदतीत दाखल. मंजुरीला तीन महिने लागतील, पण दप्तराशी साक्ष जुळते, अडायचं कारण नाही, म्हणाला.

तू पंचवीस वर्षं गप्प का, ते आता कळलं. मी समजत होतो तू रुसलायस. तू खुंटी घेऊन बसला होतास. दोन तास कविता म्हणत होतो, हे मात्र साफ खोटं. फार तर तासभर असेल.

घरी येऊन द्वारकाबाईला सगळं सांगितलं, खुंटीसकट. ऐकून घेतलं, उठली, जात्याची वरची दगडी तळी काढली आणि घरंगळत नेऊन भिंतीला उभी केली. मी म्हटलं, अगं, मंजुरी यायचीय, तीन महिने आहेत. म्हणाली, “ते साहेबाचं साहेब बघंल. माझी मुदत सपली.”

चैत्रात यात्रा आहे. तुम्ही दोघं या. छबिन्यापुढं चालायचा मान गावानं माझ्याकडंच ठेवला आहे, का ते विचारू नकोस, पण त्या दिवशी आपण दोघंही चालू.

आणि द्वारकाबाईंचा निरोप जसाच्या तसा लिहितो: “ईरण्णा भावजींना म्हणावं, शांताक्काला घेऊन खुशाल आठ दिस ऱ्हावा. पीठ तेवढं घरून आणा.”

तुझा
बब्रुवान